शुगर-फ्री गम, लाळ आणि तोंडातले जंतू: तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात मुलांच्या किडक्या दातांवर लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की जेवल्यावर ब्रश करणं शक्यच नसेल तर शुगर-फ्री च्युइंगम वीस मिनिटं चघळा, तेवढाच दातांना आधार. बाकीच्या लेखाबद्दल फार कुणी काही विचारलं नाही, पण या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आलेत की या वेळचा पूर्ण कॉलम त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: डॉक्टर, आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरतोय की एक च्युइंगम चघळलं की तोंडातले १० कोटी बॅक्टेरिया निघून जातात, फ्लॉस केल्याइतकं, म्हणजे दातांच्या फटीतून दोरा फिरवल्याइतकं काम होतं. मी हिंजवडीत नाईट शिफ्ट करतो, सकाळी घरी पोचलो की ब्रश न करताच झोपतो. त्याऐवजी रोज दोन-तीन गम चघळले तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

नाही चालणार, आणि का ते नीट सांगते, कारण तो आकडा खोटा नाहीये. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे काम 'प्लॉस वन' या जर्नलमध्ये छापलं. पाच जणांना गम चघळायला दिलं, कधी ३० सेकंद तर कधी १० मिनिटांपर्यंत, आणि चघळून झालेल्या चोथ्यात किती जंतू अडकलेत ते मोजलं. एका तुकड्यात साधारण १० कोटी निघाले. या कामाला रिग्ले या गम बनवणाऱ्या कंपनीचा पैसा होता आणि त्यांची माणसंही त्यात होती, हेही माहीत असलेलं बरं, मोजमाप त्याने खोटं ठरत नाही पण बातमी कोण आनंदाने पसरवणार ते कळतं.

आता १० कोटी म्हणजे किती ते बघा. तुमच्या एका मिलिलिटर लाळेत, म्हणजे चमच्याच्या तळाला जेमतेम पसरेल एवढ्या लाळेत, १० कोटी किंवा त्याहून जास्त जंतू असतात. दिवसभरात आपण अर्धा ते दीड लिटर लाळ गिळतो, तेव्हा गम न खाताही रोज अब्जावधी जंतू पोटात जातातच आणि तोंडात नवे वाढतातच. अजून एक गोष्ट त्याच अभ्यासात दिसली ती फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही, की गम सगळ्यात जास्त जंतू पकडतं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात, नंतर ते लाळेने मऊ होतं, त्याचा चिकटपणा जातो आणि अडकलेल्यातले काही जंतू परत तोंडात सुटतात.

फ्लॉसशी तुलना फक्त संख्येची आहे, जागेची नाही. फ्लॉस दोन दातांच्या फटीत आणि हिरडीच्या कडेला जातो, जिथे जंतूंचा चिकट थर बसलेला असतो, तो थर खरवडल्याशिवाय निघत नाही आणि तसाच राहिला की त्याचं दगडासारखं किटण होतं. गम तिथे पोचतच नाही.

मग मी गम चघळा म्हणाले ते कशासाठी, तर लाळेसाठी. चघळायला लागलं की लाळ एकदम वाढते, पहिल्या एक-दोन मिनिटात तर नेहमीच्या दहापटीपर्यंत जाते, आणि ही चघळून आलेली लाळ जास्त कामाची असते कारण तिच्यात बायकार्बोनेट जास्त असतं, खायच्या सोड्याचंच भावंड म्हणा, ते तोंडातलं ॲसिड मारतं. शिवाय लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दाताच्या वरच्या थराची झीज थोडीफार भरून काढतं. म्हणजे औषध तुमच्याच तोंडात आहे आणि गम फक्त त्याचा नळ उघडतं. शिफ्टमध्ये रात्री दोन वाजता चहा-वडापाव झाला की शुगर-फ्री गम जरूर चघळा. पण झोपेत, मग ती दिवसाची का असेना, लाळ जवळजवळ थांबते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं, म्हणून घरी आल्यावर कितीही डोळे मिटत असले तरी फ्लोराइडच्या पेस्टने दोन मिनिटं ब्रश करूनच आडवे व्हा. मी बघितलेल्या नाईट शिफ्टवाल्यांच्या तोंडात हिरड्यांच्या कडेने जी कीड असते ती बहुतेक याच एका सवयीची असते, फार वाईट वाटतं हो, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलं आणि चार-चार रूट कॅनॉल.

प्रश्न: माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, फुगे येणारं गम दिवसभर तोंडात. शुगर-फ्री गम महाग पडतं. खरंच फरक असतो का की नुसतं नाव? आणि पाकिटावर काय बघायचं? (एक आई, सांगली)

ताई, फरक आहे, आणि जमीन-अस्मानाचा आहे.

आपण 'दाताला कीड लागली' म्हणतो आणि अजूनही माझ्याकडे येऊन लोक म्हणतात मॅडम तेवढा किडा काढून टाका. किडा-बिडा काही नसतो. असतात ते जंतू, त्यातला मुख्य म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, १९२४ मध्ये लंडनमध्ये क्लार्क नावाच्या संशोधकाने किडक्या दातांतून तो पहिल्यांदा वेगळा काढला. याला साखर मिळाली की दोन गोष्टी करतो, एक म्हणजे साखरेचा गोंद बनवून दाताला चिकटून बसतो आणि दुसरं म्हणजे साखर खाऊन लॅक्टिक ॲसिड सोडतो. ॲसिडमुळे पीएच (ॲसिड मोजायचं माप, जितका खाली तितकं ॲसिड जास्त) साडेपाचच्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, विरघळायला लागतं. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटातच पीएच खाली येतो आणि परत वर यायला अर्धा ते एक तास लागतो, हे स्टीफन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या दशकात मोजून दाखवलं आणि आजही कॉलेजमध्ये पहिल्याच वर्षांत तो आलेख शिकवतात. आता तुमच्या मुलाचं बघा, साखरेचं गम दिवसभर तोंडात म्हणजे तो आलेख वर यायला वेळच मिळत नाही, सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं साखर सुटत राहते आणि चव गेली की पोरगं नवीन गम तोंडात टाकतं.

शुगर-फ्रीमध्ये साखरेऐवजी सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल असले गोड पदार्थ असतात. सॉर्बिटॉल हे जंतू खाऊ शकतात पण फार हळू, त्यामुळे ॲसिड इतकं कमी बनतं की लाळ ते सहज निस्तरते. झायलिटॉलची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. हा जंतू झायलिटॉल साखर समजून आत ओढतो, त्याला फॉस्फेट जोडतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की याचं काहीच करता येत नाही, ते आत साठून त्यालाच त्रास द्यायला लागतं म्हणून परत बाहेर टाकायला अजून ताकद खर्च करतो. म्हणजे खाल्लं काहीच नाही आणि दमला मात्र.

यावरचं मोठं काम फिनलंडचं. तिथल्या तुर्कू शहरात १९७२ ते १९७४ अशी दोन वर्षं १२५ लोकांना तीन गटात वाटून एका गटाला साखर, एकाला फ्रुक्टोज आणि एकाला झायलिटॉल वापरून केलेलं खाणं दिलं. झायलिटॉल गटात कीड साखरेच्या गटापेक्षा ८५ टक्क्यांच्या आसपास कमी निघाली. १९७५ मध्ये तिथे झायलिटॉलचं गम विकायलाही आलं आणि आज फिनलंडमध्ये पाळणाघरातसुद्धा जेवणानंतर मुलांना झायलिटॉलच्या गोळ्या देतात. पण तुर्कूत नुसतं गम दिलं नव्हतं, जवळपास सगळी साखरच बदलली होती, हे विसरायचं नाही. २०१५ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळून बघणाऱ्या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा गम, गोळ्या वगैरेंचा पुरावा त्यांना कच्चाच वाटला. म्हणून मी झायलिटॉलला चमत्कार म्हणत नाही. साखरेचं गम सुटतंय हाच तुमच्या मुलाचा मोठा फायदा, त्यात झायलिटॉल मिळालं तर दुधात साखर म्हणवत नाही पण तसंच काहीतरी.

पाकिटावर काय बघायचं ते आता. आपल्याकडे एफएसएसएआय या खाद्यपदार्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तरच 'शुगर-फ्री' लिहिता येतं. घटकांची यादी वजनाच्या क्रमाने असते, जे पहिलं ते सगळ्यात जास्त. बऱ्याचदा नावाऐवजी नंबर असतो, सॉर्बिटॉल ४२०, मॅनिटॉल ४२१, माल्टिटॉल ९६५, झायलिटॉल ९६७. समोर मोठ्या अक्षरात झायलिटॉल आणि मागे यादीत ते शेवटून दुसरं असेल तर त्यात नावापुरतंच आहे असं समजा. लिंबू-संत्रं अशा आंबट फ्लेवरचं घेऊ नका, त्यात सायट्रिक ॲसिड असतं आणि साखर नसली तरी ॲसिड ते ॲसिडच, पुदिन्याचं घ्या. आणि घरात पाच वर्षांच्या आतलं धाकटं असेल तर त्याच्या हाताला लागू देऊ नका, घशात अडकतं.

प्रश्न: माझं बाळ ५ महिन्यांचं आहे. माझ्या दातात भरपूर कीड आहे. आईकडून बाळाला कीड लागते असं वाचलं, खरं आहे का? (एक वाचक, नाशिक)

जंतू लागतात, हो. बाळाच्या तोंडात दात येईपर्यंत म्यूटन्सना चिकटायला धड जागा नसते, दात आले की ते बसतात आणि बहुतेक वेळा आईच्याच लाळेतून येतात. फिनलंडमध्येच यावर एक सुंदर अभ्यास झालाय, ज्या आयांच्या लाळेत हे जंतू खूप होते अशांना निवडलं, काहींनी बाळ ३ महिन्यांचं असल्यापासून २ वर्षांचं होईपर्यंत झायलिटॉलचं गम रोज चघळलं, बाकीच्यांना अधूनमधून दातांना फ्लोराइडचं किंवा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं व्हार्निश, म्हणजे पातळ लेप, लावलं. गम आई खात होती हं, बाळ नाही. दोन वर्षांनी गमवाल्या आयांच्या मुलांपैकी जेमतेम १० टक्के मुलांत हे जंतू सापडले आणि फ्लोराइड गटात जवळजवळ निम्म्या मुलांत.

तेव्हा तुम्ही बरोबर वेळेला विचारलंत, अजून दात यायचेत बाळाला. सगळ्यात आधी तुमचे किडके दात भरून घ्या, दूध पाजत असलात तरी भरता येतात, इंजेक्शनही चालतं, फक्त पाजतेय हे डॉक्टरांना सांगा. बाळाचा चमचा स्वतःच्या तोंडात घालून गरम आहे का बघणं, घास आधी चावून मऊ करून देणं हे बंद. घरात आजी हे मायेने करतात, त्यांना दुखवू नका, चमचा मनगटावर टेकवून बघा एवढंच सांगा.

प्रश्न: आमच्या घरात जेवणानंतर बडीशेप खायची पद्धत पहिल्यापासून आहे. बडीशेप खाल्ली तरी लाळ सुटतेच. मग हे परदेशी रबर कशाला चघळायचं? (एक ज्येष्ठ वाचक, कोल्हापूर)

काका, तुमचं निम्मं एकदम पटलं मला. काहीही चावलं की लाळ सुटते, आणि भाजलेली साधी बडीशेप, ओवा, धनाडाळ यात साखर नाही, सुगंध आहे, जेवणानंतर तोंडाला बरं वाटतं. खा खुशाल. फरक वेळेचा आहे. बडीशेप मिनिटभरात चावून गिळून होते, आणि ॲसिड मारायला लाळ जी वाहती हवी ती वीसेक मिनिटं, युरोपात शुगर-फ्री गमच्या पाकिटावर दाताच्या फायद्याचा दावा करायला परवानगी आहे तीसुद्धा 'खाण्या-पिण्यानंतर किमान २० मिनिटं चघळावं' या अटीवरच.

पण खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मला कळकळीने सांगायचीय. हॉटेलच्या काउंटरवर वाटीत असते ती रंगीबेरंगी बडीशेप, लग्नातली मुखवासाची डबी, खडीसाखर मिसळलेली, मसाला पानातला गुलकंद, हे सगळं जेवण संपल्यावर, म्हणजे चूळ भरून झाल्यावर, दातांना साखर चोळण्यासारखं आहे. घरची बडीशेप साधी असेल तर तुम्हाला गमची गरज नाही, वर एक खळखळून चूळ भरा म्हणजे झालं. साखरेची असेल तर आजपासून डबी बदला.

प्रश्न: वय ६८, निवृत्त शिक्षिका. १४ वर्षं डायबेटिस, बीपीची गोळी चालू. तोंड सतत कोरडं, रात्री जीभ टाळ्याला चिकटते, पोळी पाण्याच्या घोटाबरोबर गिळावी लागते. दोन वर्षांत पाच दात किडले. गम घेतलं तर साखर वाढेल का? (एक वाचक, सातारा)

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. असं कोरडं तोंड घेऊन वर्षानुवर्षं लोक राहतात आणि वय झालं म्हणून सोडून देतात. वयापेक्षा जास्त दोष बऱ्याचदा गोळ्यांचा आणि वाढलेल्या साखरेचा असतो. लाळ कमी म्हणजे ॲसिड धुणारं कुणी नाही, म्हणून ज्यांना आयुष्यभर कीड नव्हती त्यांचे दात साठीनंतर भराभर जातात.

घरी एक करून बघा. कफ सिरपच्या बाटलीचं मापाचं झाकण असतं ना, २.५, ५, १० अशा रेघा असलेलं, ते धुवून घ्या. सकाळी काही न खाता-पिता खुर्चीत स्वस्थ बसा, मान जरा पुढे, आणि पाच मिनिटं तोंडात आपोआप येईल ती लाळ त्या झाकणात सोडत राहा, ओढूनताणून थुंकायचं नाही. चांगल्या तोंडात पाच मिनिटांत दीड मिलीच्या आसपास जमते. माझ्या मावशीचं मी असंच केलं होतं, तिलाही तुमच्यासारखीच डायबेटिस, पाच मिनिटांनी झाकणाचा तळ नुसता ओलसर, मध्ये फेसाचे दोन ठिपके. मग तिला शुगर-फ्री गम दिलं, पुन्हा पाच मिनिटं, आणि या वेळी लाळ ५ च्या रेघेला टेकली. ती ते झाकण उजेडाला धरून बघत राहिली, म्हणाली अगं म्हणजे आहे की माझ्यात अजून. याचा अर्थ ग्रंथी शाबूत होत्या, त्यांना फक्त कुणीतरी जागं करायला हवं होतं. तुमची रेघ गम चघळूनही हललीच नाही तर मात्र ते घेऊन डॉक्टरांकडे जा, तेव्हा तपासण्या लागतील.

साखरेची काळजी नको, एका गममध्ये सॉर्बिटॉल किंवा झायलिटॉल ग्रॅम-दीड ग्रॅम, त्याने शुगरवर म्हणण्यासारखा फरक पडत नाही. दिवसाला तीन-चार, खाण्यानंतर, बस. जास्त नको कारण हे पदार्थ आतड्यात नीट शोषले जात नाहीत आणि पोट बिघडतं. बर्लिनच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये दोन पेशंटची हकीकत छापली होती, सतत जुलाब आणि वजनात मोठी घट, एकाचं तर २२ किलो उतरलं होतं, सगळ्या तपासण्या करून झाल्यावर कळलं की गम आणि गोळ्यांमधून रोज २० ते ३० ग्रॅम सॉर्बिटॉल पोटात जात होतं. ते बंद केल्यावर दोघंही बरे झाले. कवळी असेल तर साधं गम तिला चिकटतं, तेव्हा चघळण्याऐवजी शुगर-फ्री गोळी चोखा. आणि बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ती बदलता येते का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा येते.

प्रश्न: गम गिळलं तर सात वर्षं पोटात राहतं का? (इयत्ता सातवीतली वाचक, लातूर)

नाही गं बाळा. गमचा रबरासारखा भाग पचत नाही, पण तो इतर चोथ्यासारखा दोन-तीन दिवसांत शौचावाटे निघून जातो. फक्त रोज रोज गिळायची सवय नको, लहान मुलांच्या आतड्यात त्याचे गोळे अडकल्याच्या घटना आहेत. कागदात गुंडाळून डब्यात टाकायचं, बाकाखाली चिकटवायचं नाही.

प्रश्न: ११ वर्षं गुटखा खात होतो, ट्रक चालवतो. चार महिने झाले सोडून. तोंडात काहीतरी लागतं म्हणून दिवसाला दहा-बारा शुगर-फ्री गम खातो. आता जबडा दुखतो आणि तिखट अजिबात सहन होत नाही. गम वाईट का? (एक वाचक, सोलापूर)

दादा, आधी तुमचं मनापासून अभिनंदन, चार महिने ही छोटी गोष्ट नाही, स्टिअरिंगवर बसून तर नाहीच. गुटख्याच्या जागी गम हा सौदा चांगलाच आहे, तुम्ही चूक काहीच केलेली नाही.

पण तिखट सहन न होणं हे गममुळे नाही. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी कडक, पांढरट होत जाते, आग होते आणि हळूहळू तोंड उघडणं कमी होतं, आणि या आजारातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. आत्ता, हे वाचताना, तुमची स्वतःची तीन बोटं एकावर एक अशी उभी धरा आणि समोरच्या दातांमध्ये घालून बघा. तीन बोटं जात असतील तर ठीक, दोनच जात असतील किंवा गालाच्या आत पांढरे-लाल चट्टे, पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल तर पुढच्या ट्रिपच्या आधी सरकारी डेंटल कॉलेजला किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. लवकर सापडलं तर खूप काही करता येतं.

जबडा दुखतोय तो दहा-बारा गममुळे, सांध्याला विश्रांतीच नाही. दिवसाला तीन-चारवर आणा, मधे साधी बडीशेप, लवंग, भाजलेले फुटाणे. आणि तलफ अजून जोरात येत असेल तर निकोटीन गम वेगळं असतं, ते २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतं, ते इतर गमसारखं चावत राहायचं नाही, हळूहळू चावून झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, पुन्हा थोड्या वेळाने चावायचं. ते डॉक्टरांना विचारूनच घ्या. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारची १८००-११-२३५६ ही फुकट फोन लाइन आहे, तलफ आली की फोन करा, अगदी ढाब्यावरून करा.

प्रश्न: तोंडाला वास येतो म्हणून कॉलेजला जाताना गम चघळते. तासाभरात पुन्हा वास. (एक वाचक, ठाणे)

कारण पुदिना वास झाकतो, बनवणाऱ्यांना हात लावत नाही. वास बहुतेक जिभेच्या मागच्या भागातून येतो, तिथल्या खडबडीत पृष्ठभागावर हवेशिवाय जगणारे जंतू प्रोटीनचे तुकडे कुजवून गंधकाचे वायू सोडतात, सडक्या अंड्याला वास येतो तोच हायड्रोजन सल्फाइड त्यातला एक. लाळ वाढली की हे थोडं धुतलं जातं म्हणून गमचा तासभर उपयोग होतो. तुम्ही सकाळी टंग क्लीनर जिभेच्या मागपर्यंत नेता का? बहुतेक मुली उबळ येते म्हणून टोकच घासतात. जीभ बाहेर काढून श्वास रोखून मागून पुढे चार वेळा ओढा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर क्लीनिंग करून घ्या, त्याने दात हलत नाहीत, किटण निघाल्यावर आधीचीच फट दिसायला लागते इतकंच. उपास आणि कमी पाणी पिणं यानेही वास वाढतो.

प्रश्न: मुलगी १५ वर्षांची, दहावीत. अभ्यासाला बसली की गम हवंच. तीन महिन्यांपासून डोकं दुखतं. नंबर तपासला, नाहीये. (एक वडील, अकोला)

महिनाभर गम पूर्ण बंद करून बघा, काही खर्च नाही. इस्राएलमध्ये अशाच वयाच्या ३० मुलामुलींवर हे करून बघितलं होतं, सगळे डोकेदुखीचे पेशंट आणि रोज भरपूर गम चघळणारे. महिनाभर बंद केल्यावर १९ जणांची डोकेदुखी पूर्ण गेली आणि ७ जणांची कमी झाली, पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकांची परत आली. दुखणं कानापुढे जबड्याच्या सांध्यापाशी आणि कानशिलात असेल तर शक्यता जास्त. बंद करूनही दुखलं, किंवा उलट्या, नजर अंधुक असं काही असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

प्रश्न: गममध्ये प्लास्टिक असतं आणि त्यातल्या गोड पदार्थाने कॅन्सर होतो असं ऐकलं. (अनेक वाचक)

गमचा बेस बहुतेक कृत्रिम पॉलिमरचाच असतो, हे खरं आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एका ग्रॅम गममधून सरासरी १०० च्या आसपास प्लास्टिकचे सूक्ष्म कण लाळेत येतात असं मोजलं, बहुतेक सगळे पहिल्या आठ मिनिटांत. म्हणून दिवसाला दहा नवीन गम खाण्यापेक्षा एकच जास्त वेळ चघळलेलं बरं. अस्पार्टेम या कृत्रिम गोड पदार्थाला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 'कदाचित कॅन्सर होऊ शकतो' या गटात टाकलं, पण त्याच वेळी संघटनेच्या दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम अशीच ठेवली, आणि गममध्ये ते अगदी मिलिग्रॅममध्येच असतं. ज्यांना फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार आहे त्यांनी मात्र अस्पार्टेम अजिबात नको.

प्रश्न: आमच्या लॅब्रेडॉरने माझ्या पर्समधलं झायलिटॉल गमचं अख्खं पाकीट फस्त केलं होतं. तो नंतर लडखडायला लागला, सलाईनवर ठेवून वाचला. हे लिहाल का? (एक वाचक, पणजी)

लिहिते, आणि तुम्ही कळवलंत म्हणून मनापासून आभार, माझ्या मूळ लेखात हे असायलाच हवं होतं. माणसाला निरुपद्रवी असलेलं झायलिटॉल कुत्र्यासाठी विष आहे. त्याच्या शरीरात त्याने एकदम इन्सुलिन सुटतं आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धोकादायक खाली जाते, कुत्रा लडखडतो, उलट्या करतो, झटके येतात, आणि जास्त खाल्लं असेल तर लिव्हर निकामी होतं. मोठ्या कुत्र्याला काही गोळ्या आणि लहान पामेरियनला एक-दोन गोळ्याही पुरतात. पाकीट पर्समध्ये, टीपॉयवर, गाडीच्या कप्प्यात ठेवू नका, वर कपाटात ठेवा, चघळलेला चोथाही झाकणाच्या डब्यात. खाल्लंच तर लक्षणं दिसायची वाट बघत बसायचं नाही, रिकामं पाकीट बरोबर घ्यायचं म्हणजे किती खाल्लं ते डॉक्टरांना कळतं, आणि थेट व्हेटकडे पळायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी.